मलेरिया : नावातली ‘वाईट हवा’

श्रावण सरतो, पाऊस उघडीप देतो आणि भाद्रपदाचे ऊन चटकू लागते. त्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरच्या खिडकीपुढची रांग लांबते. रांगेत निम्म्याहून जास्त लोक तापाचे असतात. ताप कशाने आला असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : “वातावरण बदललं ना साहेब.” मग ताप दोन दिवस अंगावर काढलेला असतो, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या संपलेल्या असतात, आणि रक्त मात्र अजून कोणी तपासलेले नसते.

ताप आणि हवा यांची ही सांगड फार जुनी आहे. इतकी जुनी, की या तापाचे जगभर चालणारे नावच तिच्यावरून पडले. ‘मलेरिया’ हा शब्द इंग्रजीत इटालियन भाषेतून आला. इटालियनमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट आणि ‘आरिया’ म्हणजे हवा. दोन्ही शब्द जोडले की ‘मालारिया’ होतो; अर्थ सरळ, वाईट हवा. होरेस वॉलपोल हा तरुण इंग्रज १७४० साली इटलीत फिरत होता. रोममध्ये दर उन्हाळ्यात येऊन माणसे मारणाऱ्या एका भयंकर गोष्टीचे नाव म्हणून त्याने आपल्या पत्रात हा शब्द लिहिला. पुढे १८२७ मध्ये जॉन मॅककुलक या स्कॉटिश वैद्याने आणि भूगर्भशास्त्रज्ञाने याच विषयावर पुस्तक लिहिले आणि शब्द इंग्रजी वैद्यकात रुळला.

एक बारकावा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला मलेरिया हे रोगाचे नाव नव्हतेच, ते हवेचे नाव होते. दलदलीत पालापाचोळा कुजतो, त्यातून विषारी वाफ निघते, ती श्वासावाटे शरीरात जाते आणि ताप आणते, अशी ती कल्पना होती. त्या काळचा डॉक्टर ‘रोग्याला मलेरिया झाला’ असे म्हणत नसे. ‘मलेरियामुळे रोग्याला ताप आला’ असे म्हणे. कारणाचे नाव हळूहळू रोगाला चिकटले. कारण खोटे ठरले, तरी नाव निघाले नाही.

जुन्या लोकांना हसण्याचे काही कारण नाही. त्यांनी जे पाहिले होते, ते बरोबर होते. ताप दलदलीच्या, सखल जागी जास्त येतो, पावसानंतर वाढतो, संध्याकाळी आणि रात्री बाहेर राहणाऱ्यांना जास्त गाठतो, टेकडीवर राहणाऱ्यांना कमी गाठतो. यातले एकही निरीक्षण चुकीचे नव्हते. रात्रीची हवा घरात येऊ नये म्हणून लोक खिडक्या बंद करून झोपत आणि त्यातल्या काहींना त्याचा फायदाही होई. खिडकी बंद केल्याने हवेबरोबर डासही बाहेर राहतो, हे त्यांना ठाऊक नव्हते इतकेच. निरीक्षण खरे आणि कारण खोटे, अशी जोडी फार काळ टिकते, कारण रोजचा अनुभव तिला खोटे पाडत नाही.

खानदेशातही हेच चालले होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतला खानदेशचा खंड १८८० साली निघाला. तेव्हा जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एकच जिल्हा होता. पश्चिमेकडची डोंगराळ, जंगलाची पट्टी तापासाठी कुप्रसिद्ध होती आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे दोष तिथल्या हवापाण्याला दिला जाई. त्याच १८८० सालच्या ६ नोव्हेंबरला अल्जीरियातल्या कॉन्स्टँटाइन गावच्या लष्करी रुग्णालयात शार्ल लाव्हेराँ हा फ्रेंच डॉक्टर एका तापकरी सैनिकाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्या रक्तात त्याला हालचाल करणारा जिवंत परजीवी दिसला. ताप हवेत नव्हता, रक्तात होता.

‘बाहेरचा माणूस त्या जंगलात टिकत नाही, भिल्ल टिकतो,’ असाही त्या काळच्या अधिकाऱ्यांचा समज होता. त्याचाही उलगडा पुढे रक्तातच झाला. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेलचे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते. हे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले असेल, तर त्या वाहकाला फाल्सिपेरम जातीच्या गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवले. दोघांकडून आले, तर मात्र मूल सिकलसेलचा रुग्ण होते आणि अशा रुग्णाला मलेरिया अधिकच धोक्याचा ठरतो. शिवाय वारंवार ताप सोसूनही काही प्रतिकारशक्ती येते, पण तिची किंमत लहान मुलांनी मोजलेली असते. म्हणजे सातपुड्यातला माणूस ‘हवेला सरावलेला’ कधीच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मलेरियाने त्याच्या रक्तावर खूण सोडली आहे आणि सिकलसेलच्या वेदनांच्या रूपाने ती आजही भोगली जाते आहे.

परजीवी रक्तात सापडला, तरी तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर भारतात मिळाले. अल्मोड्यात जन्मलेले लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस सिकंदराबादला काम करत होते. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला त्यांनी डास चावू दिले आणि मग ते डास एकेक करून फाडून तपासले. २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना परजीवीची वाढ दिसली. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी डासातला पूर्ण प्रवास उलगडला. १८९८ मध्येच इटलीत जिओवान्नी बत्तिस्ता ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनोफिलिस जातीचा डास पसरवतो हे सिद्ध केले. ज्या देशाने ‘वाईट हवा’ हे नाव दिले, त्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी हवेला दोषमुक्त करण्यात मोठा वाटा उचलला.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९०० साली एक साधा, पण धीट प्रयोग झाला. रोमजवळच्या कुप्रसिद्ध दलदलीच्या भागात लाकडी झोपडी बांधून तिच्या दारांना आणि खिडक्यांना बारीक जाळी बसवली. लुइजी सांबोन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर तापाच्या अख्ख्या हंगामात तिथे राहिले. दिवसा ते बाहेर हिंडत, सूर्यास्तापूर्वी आत येत आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपत. क्विनाइन घेत नसत. दलदलीची तीच ‘वाईट हवा’ त्यांनी रात्रभर छातीत भरून घेतली आणि ते ठणठणीत राहिले. आसपासचे लोक मात्र तापाने फणफणत होते. त्याच सुमारास इटलीतून लंडनला पाठवलेले बाधित डास पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांच्या मुलाने स्वतःला चावू दिले. लंडनमध्ये बसल्या जागी त्याला मलेरिया झाला. हवा एकीकडे, डास दुसरीकडे, असा इतका स्वच्छ निवाडा वैद्यकात क्वचित होतो.

इटलीने दिलेल्या रोगनामांत आणखी एक असेच आहे. ‘इन्फ्लुएंझा’ म्हणजे प्रभाव. साथ येते ती ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने, या समजुतीतून तो शब्द रोगाला लागला आणि १७४३ च्या साथीत इंग्रजीत आला. आज विषाणूचे जनुक वाचता येतात. नाव मात्र अजून आकाशाकडेच बोट दाखवते.

रोगाला नाव दोन प्रकारे पडते. एक, जे दिसते त्यावरून. दुसरे, जे कारण वाटते त्यावरून. मराठीचे जुने नाव पहिल्या प्रकारातले आहे. ‘हिवताप’ म्हणजे हिव भरून येणारा ताप. हुडहुडी भरते, दात वाजतात, तीन गोधड्या अंगावर घातल्या तरी थंडी जात नाही, मग ताप चढतो आणि घाम फुटून उतरतो. नावात एवढेच आहे. ते हवेला, पाण्याला, ग्रहांना कोणालाच दोष देत नाही. ‘पाळीचा ताप’ हेही तसेच. चरकसंहितेत तृतीयक आणि चतुर्थक असे ज्वराचे प्रकार आहेत. ताप कितव्या दिवशी उलटतो हे मोजून ती नावे दिलेली आहेत. परजीवीच्या जातीप्रमाणे ताप अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांनी उलटतो, हे आजचे ज्ञान त्या मोजणीशी जुळते. पाहून दिलेले नाव कारण सापडल्यावरही खोटे पडत नाही. अंदाजाने दिलेले नाव पडते.

नावाने दिशाभूल होते याचा ताजा दाखला सगळ्यांना आठवत असेल. २००६ मध्ये चिकनगुनियाची साथ आली, तेव्हा ‘चिकन’ ऐकून कित्येकांनी कोंबडी खाणे सोडले. वास्तविक तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला असून सांधे धरल्याने वाकून चालणाऱ्या रुग्णाचे वर्णन करणारा आहे. कोंबडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोक कोंबडीपासून दूर राहिले आणि डास पाण्याच्या टाकीत निवांत वाढत राहिले.

आजची ‘वाईट हवा’ दोन शब्दांत लपली आहे : ‘वातावरण’ आणि ‘व्हायरल’. पहिला शब्द रुग्णाचा, दुसरा बऱ्याचदा डॉक्टरांचा. पहिल्यात थोडे तथ्य आहे. ऊन, पाऊस आणि दमटपणा यांवर डासांचे आयुष्य आणि डासातल्या परजीवीची वाढ अवलंबून असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा त्या कोरड्या उन्हात डास फार जगत नाही. पावसाळ्यानंतर त्याला हवे तसे दिवस मिळतात. पण वातावरण डास वाढवते, ताप देत नाही. हा फरक सोडला की उपायही सुटतो, कारण वातावरणापुढे कोणाचेच काही चालत नाही. दुसरा शब्द जास्त घातक आहे. बरेच ताप खरोखर विषाणूजन्य असतात आणि आपोआप उतरतात. पण रक्त न तपासता ‘व्हायरल आहे’ म्हणणे हा निदानाचा शेवट नसून अंदाजाची सुरुवात आहे. जुन्या डॉक्टरने हवेवर टाकले, नव्याने विषाणूवर टाकले, एवढाच बदल.

हिव भरले नाही म्हणून मलेरिया नाही, असेही समजू नये. पहिल्या काही दिवसांत ताप रोज येऊ शकतो, थंडी नसू शकते. लहान मुलांत नुसती उलटी किंवा सुस्ती असू शकते. म्हणून तापाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त औषध सुरू करण्यापूर्वी तपासले पाहिजे. त्यासाठी बोटाच्या टोकातून निघालेला रक्ताचा थेंब आणि एक काचपट्टी पुरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. अनेक गावांत आशाताईंकडे झटपट तपासणीचे किटही असते. सातपुड्यातून गुजरातकडे किंवा ऊसतोडीला जाऊन परतलेल्या मजुराने ‘कुठे गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे आणि डॉक्टरांनी ते विचारावे. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे माणूस एका गावात बाधित होतो आणि आजारी दुसऱ्या गावात पडतो.

तपासणीनंतरची चूक त्याहून सामान्य आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचे परजीवी रक्तातून गेले, तरी काही यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, चौथ्या दिवशी माणूस शेतात किंवा कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्यापाशी पडून राहतात. दोन महिन्यांनी ताप उलटला की पुन्हा दोष वातावरणाला. हे औषध गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांत त्याने रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लघवी गडद लाल किंवा काळसर झाली, तर गोळ्या थांबवून तातडीने दवाखाना गाठावा.

सार्वजनिक पातळीवर ‘वाईट हवे’ची सगळ्यात मोठी पूजा धूर फवारणीत होते. ताप वाढल्याची ओरड झाली की गल्लीत धुराचे यंत्र फिरते. आवाज होतो, धूर दिसतो, फोटो निघतो आणि काहीतरी झाल्याचे समाधान सर्वांना मिळते. साथीच्या ऐन भरात, उडणारे बाधित डास चटकन मारण्यासाठी फवारणीचा उपयोग आहे, हे मान्य. पण धूर पाण्यातल्या अळीपर्यंत पोहोचत नाही, बंद घरात फारसा शिरत नाही आणि त्याचा असर काही तासांत ओसरतो. आठवड्याच्या आत त्याच पाण्यातून नवे डास उडतात. हवेला धुरी देण्याचा हा उपाय दिसायला विज्ञानाचा असला, तरी त्यामागची समजूत वॉलपोलच्या काळातलीच आहे.

गटारांचेही तसेच. गटार घाण असते आणि ते साफ झालेच पाहिजे. तिथला क्युलेक्स डास चावतो, झोप मोडतो, हत्तीरोगही पसरवतो. पण शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफन्सी आणि डेंग्यू-चिकनगुनिया पसरवणारा एडिस हे दोघे प्रामुख्याने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. छतावरची उघडी टाकी, अंगणातला सिमेंटचा हौद, रांजण, प्लॅस्टिकचे ड्रम, गुरांचे पाण्याचे टाके, फ्रिजमागचा ट्रे आणि खानदेशात घरोघरी असणारा कूलर, ही त्यांची ठिकाणे. जूनमध्ये बंद केलेला कूलर तळाच्या पाण्यासह दिवाळीपर्यंत तसाच उभा असतो. घाण वास म्हणजे रोग, या जुन्या समजुतीमुळे लोक गटाराकडे बोट दाखवतात आणि पिण्याच्या पाण्याच्या ड्रमकडे पाठ करून उभे राहतात.

मात्र दोष फक्त घरातल्या बाईवर ढकलणे अन्यायाचे आहे. खानदेशातल्या अनेक शहरांत आणि गावांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दोन-तीन दिवसांनी, कुठे आठवड्याने आणि टंचाईत त्याहूनही उशिरा येते. अशा घरात पाणी साठवणे हा हलगर्जीपणा नव्हे, ती गरज आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. ज्या गावात नळच आठव्या-दहाव्या दिवशी येतो, तिथे पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक आणि डासांचे वेळापत्रक एकच होऊन बसते. म्हणून नियमित पाणीपुरवठा ही केवळ सोयीची बाब नाही, ती हिवतापाच्या आणि डेंग्यूच्या बंदोबस्ताची पहिली पायरी आहे. फवारणीवर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांनी हाही हिशेब मागायला हवा.

तोवर घरात करण्यासारखे थोडेच, पण खात्रीचे आहे. प्रत्येक साठ्याला घट्ट झाकण असावे. नसेल तर जुने जाडसर कापड ताणून बांधावे. नळ येण्याच्या दिवशी नवे पाणी भरण्यापूर्वी ड्रम आणि हौद आतून घासावेत. नुसते ओतून चालत नाही, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. कूलरचा तळ पुसून सुकवावा. वापरात नसलेल्या विहिरीत आणि हौदात गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य विभागाकडून मिळतात. आरोग्य सेवक अळीनाशक टाकायला आला, तर त्याला दारातून परत पाठवू नये. ॲनोफिलिस रात्री चावतो, म्हणून झोपताना मच्छरदाणी लावावी. सातपुड्याच्या पायथ्याला तर ती हवीच.

देशाने एकदा विजय जवळून पाहिला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी फवारले गेले, ताप आलेल्याचे रक्त घेतले गेले. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग लक्ष ढळले, डास औषधाला दाद देईनात आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. रुग्ण कमी झाले की रोग संपला असे समजणे किती महागात पडते, हे त्या वर्षांनी दाखवले. आजही रुग्ण त्या काळाच्या मानाने फार कमी आहेत. २०३० पर्यंत देश मलेरियामुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. अशा वेळी काचपट्टी घेण्याचा कंटाळा करणे सर्वांत धोक्याचे.

ज्या इटलीने हा शब्द जगाला दिला, तो देश १९७० मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला. तिथली हवा काही बदलली नाही. दलदल आटवली, क्विनाइन लोकांपर्यंत पोहोचवले, घरांना जाळ्या बसवल्या, डीडीटी फवारले आणि ताप गेला. शेजारचा श्रीलंका २०१६ मध्ये मुक्त झाला. तिथलेही हवामान उष्ण आणि पावसाचेच आहे. खानदेशात हे होऊ शकत नाही, असे मानायला काही आधार नाही. मलेरिया हे नाव बदलण्याची गरज नाही, ते आता बदलणारही नाही. फक्त ते केसपेपरवर रक्त पाहून लिहिले जावे, आणि लिहिले गेले की चौदाव्या दिवसाची गोळी पोटात गेली का, हे कोणीतरी घरी जाऊन विचारावे.